दहा दिवस, ७ किलो: दिल्ली-अमृतसरची थंडी आणि हैदराबादचं रिसेप्शन एकाच बॅगेत कसं बसवायचं?

पाचोऱ्याची_सून

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही दोघं निघतोय. १९ला भुसावळहून गाडीने दिल्ली. २१ आणि २२ला तिथे कॉलेजच्या कामाचं चर्चासत्र, २३ला सकाळी रेल्वेने अमृतसर, २४ तिथेच. २५ला विमानाने हैदराबाद, २६ला नणंदेच्या मुलीचं रिसेप्शन आणि २८ला हैदराबादहून जळगावला छोट्या विमानाने परत. दोन्ही विमानांचं तिकीट चेक-इन बॅग नसलेलं स्वस्तातलं आहे, म्हणजे माणशी ७ किलोची एकच बॅग.

घरात कडक प्लास्टिकची ट्रॉली आहे, रिकामी ३ किलो भरते. प्रश्न असे: ड्रेस किती आणि कसले घ्यावेत? दिल्लीत साडी नेसायची तर थंडीचं काय? पैठणी न्यावी की नको? यांचं जीन्सशिवाय पान हलत नाही, त्याचं काय करायचं? आणि नणंदबाईंनी काळा मसाला अन् बिबड्या (ज्वारीचे खानदेशी पापड) मागितल्या आहेत, त्या कशात कोंबू?

---

बोरीकाठ

ताई, कपड्यांच्या आधी बॅगेचा निकाल लावा. ७ किलोच्या मर्यादेत ३ किलोची ट्रॉली म्हणजे जवळजवळ निम्मं वजन प्लास्टिकलाच. कापडी डफल (बिनचाकी, मऊ, लांबट बॅग) किंवा पाठीवरची बॅग १ ते १.२ किलोची मिळते. मऊ कापडाची दोन चाकी ट्रॉली साधारण २.२ किलो. गुडघे-पाठीचा त्रास नसेल तर डफलच घ्या. कंपन्या माप सहसा ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर देतात आणि त्यात चाकं व हँडल धरलेलं असतं. दुकानदार ‘केबिन साइज’ म्हणून विकतो ती ट्रॉली चाकांसकट ५७-५८ भरू शकते. टेप लावूनच घ्या.

आता बाकी वजन. खालचे आकडे ढोबळ आहेत, तुमचे कपडे घरी काट्यावर ठेवून दुरुस्त करा:

अंगावरच्या जोडाखेरीज दोन कुर्ते ५०० ग्रॅम, एक जादा पँट ३००, थर्मलचा दुसरा जोड ३००, पातळ स्वेटर किंवा फ्लीस ३५०, पैठणी ९००, हलकी साडी ४००, दोन ब्लाउज ३००, परकर २००, आतले कपडे ३००, मोजे १२०, ओढणी १२०, सँडल ४००, साबण-तेल-कंगवा ५००, चार्जर-पॉवरबँक ४५०, औषधं १५०. बेरीज ५ किलो २९० ग्रॅम. त्यात १.१ किलोची डफल धरली की ६ किलो ३९०. हेच सामान तुमच्या ट्रॉलीत घातलं तर ८ किलो २९०. कपडा एकही वाढला नाही, तरी मर्यादेपेक्षा सव्वा किलो जास्त.

बॅग मोजायला वेगळा काटा लागत नाही. वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. फक्त काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर ठेवला की चुकीचं दाखवतो.

रंगांचं सांगतो. लोक कुर्ते आधी निवडतात आणि मग प्रत्येकाला सलवार शोधत बसतात, तिथेच संख्या वाढते. उलटं करा. खालचे दोनच कपडे आधी ठरवा: एक गडद निळी पँट, एक राखाडी किंवा काळी. मग असे तीन कुर्ते काढा की प्रत्येक कुर्ता दोन्ही पँटवर चालेल. मोतिया, मरून आणि निळ्या-मोतियाचं बारीक छापकाम, असं धरलंत तर सहा जोड झाले. ओढण्या दोन पुरेत, एक मरून आणि एक मोतिया. एखादा कुर्ता एकाच पँटवर जात असेल तर तो कितीही आवडता असला तरी घरी राहू द्या. हिरवा-जांभळा काठपदरी कुर्ता हमखास असा निघतो.

दिवसांच्या हिशोबाने कपडे मोजू नका, दहा दिवस म्हणून दहा जोड असं नसतं. थंडीत बाहेरचा कुर्ता दोन-तीनदा घालता येतो, कारण घाम थर्मल शोषून घेतं. रोज बदलायचं ते अंगालगतचं.

---

शहाद्याचा_शिंपी

बोरीकाठ भाऊंचा हिशोब बरोबर आहे, पण धुणं-वाळणं राहिलं. आपल्याकडे खानदेशात कपडा वाळणं हा प्रश्नच नसतो. मे महिन्यात दोरीवर टाकलेला कुर्ता चहा होईपर्यंत वाळतो आणि थंडीतही हवा कोरडी असते. दिल्लीला जानेवारीत तसं नाही. धुक्याच्या दिवशी हवेत आधीच ओल गच्च भरलेली, ती कपड्यातलं पाणी घेणार कुठून? तिथे रात्री धुतलेला जाड सुती कुर्ता सकाळी ओलाच मिळतो, शिवणी आणि खिसे तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ओले राहतात. तसाच घडी घालून बॅगेत गेला की कुबट वास, आणि तो वास शेजारच्या साडीलाही लागतो.

म्हणून दिल्ली-अमृतसरात धुवायचे ते फक्त पातळ आणि कृत्रिम धाग्याचे कपडे. थर्मल घेताना लेबल बघा. निव्वळ सुती थर्मल स्वस्त असतं पण पाणी धरून बसतं. चालून घाम आला आणि मग थांबलात की तेच अंगावर गार पडतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्रणाचं पातळ थर्मल पंख्याखाली रात्रीत वाळतं. लोकरीचं, त्यातही मेरिनोचं, उत्तम. त्याला वास लवकर येत नाही, तीन दिवस न धुता चालतं, पण महाग असतं. पायजमा-गाऊन वेगळा नेऊ नका, थर्मलचा दुसरा जोडच झोपायला वापरा.

खोलीत वाळवायची पद्धत: साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, पिळा, मग कपडा हॉटेलच्या कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि त्या गुंडाळीवर पाय देऊन दाबा. निम्म्याहून जास्त पाणी टॉवेल घेतो. मग कपडा हँगरवर, बाह्या मोकळ्या सोडून, पंख्याखाली. थंडी वाजते म्हणून पंखा बंद करतात आणि मग कपडा वाळला नाही म्हणतात. जेवायला बाहेर जाताना पंखा लावून जा. हीटरवर कपडा टाकू नका, आगीला निमंत्रण आहे. सोबत ३ मीटर नायलॉनची दोरी आणि सहा-आठ सेफ्टी पिना. कपडे धुण्याच्या वडीचा आगपेटीएवढा तुकडा दहा दिवस पुरतो.

सुती कुर्ते हैदराबादसाठी ठेवा. तिथे जानेवारीत दुपारी २८-२९ अंश, कपडा अर्ध्या दिवसात वाळतो.

नव्या कपड्यांबद्दल एक सांगायचंय. मरून, निळा आणि काळा हे तिन्ही रंग उतरणारे. मोजक्या कपड्यांच्या बॅगेत एक कुर्ता डागाळला तर सहातले दोन जोड गेले. निघण्याआधी पांढरा रुमाल ओला करून कुर्त्याच्या आतल्या शिवणीवर जोरात चोळा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा दोन-तीनदा वेगळा धुवून घ्या, आणि प्रवासात मोतिया कुर्त्याबरोबर एका बादलीत कधीच नको. मिठाच्या-तुरटीच्या पाण्यावर विसंबू नका, आजच्या सगळ्या रंगांवर ते चालत नाही.

आणि तिन्ही कुर्त्यांना उजव्या शिवणीत खिसा लावून घ्या. आत १८ सेंटीमीटर खोल, तोंड १५ सेंटीमीटर, वर एक टिचबटण. अमृतसरजवळ अटारीच्या सीमेवर परेड बघायला बॅग-पर्स आत नेऊ देत नाहीत. मोबाइल, ओळखपत्र आणि पैसे खिशातच लागतात. कोणताही शिंपी अर्ध्या तासात लावून देईल.

पँटचा कट. चुडीदार नको, पलाझोही नको. सुवर्णमंदिरात शिरताना पाण्याच्या उथळ पन्हळीतून पाय धुऊन जावं लागतं. चुडीदार वर सरकत नाही म्हणून चुण्या भिजतात, पलाझोचा घेर पाण्यात लोळतो. घोट्याच्या वर संपणारी सरळ पँट, मोहरी १४-१५ इंच, म्हणजे दोन घड्या घालून वर घेता येते. थर्मलचा पायजमाही आधीच पोटरीवर सरकवून ठेवा. तो ओला झाला तर ३-४ अंशाच्या पहाटे दिवसभर पोटऱ्या गारठतील. मोजे काढूनच आत जायचं असतं आणि संगमरवर बर्फासारखा असतो, तेव्हा बाहेर आल्यावर घालायला कोरडे मोजे खिशात हवेत. डोकं झाकायला ओढणी सुती घ्या, जॉर्जेटची सारखी घसरते.

---

पाचोऱ्याची_सून

दादा, खिशाचं तर डोक्यातच नव्हतं! ट्रॉली बाद केली, भाच्याची डफल मिळतेय. चर्चासत्रात एक दिवस मला निबंध वाचायचा आहे, त्या दिवशी साडीच नेसेन. पण सभागृहात हीटर असेलच असं नाही. साडीवर स्वेटर म्हणजे अगदी ध्यान दिसतं.

---

तापी_काकू

दिसतं ते जाड लोकरी स्वेटरमुळे गं. साडीला ऊब आतून द्यायची.

ब्लाउजच्या जागी गडद निळं, पूर्ण बाह्यांचं, बंद गळ्याचं पातळ थर्मल किंवा स्किवी घाल. वर महेश्वरी साडी. छान दिसते, आणि एक ब्लाउज कमी झाला म्हणजे बोरीकाठ भाऊंच्या हिशोबातले १५० ग्रॅम वाचले. अट एकच, स्किवी अंगाबरोबर हवी. सैल असली तर पदराची पिन ओढली जाते आणि खांद्यावर झोळ पडतो. परकराखाली थर्मलचा पायजमा. परकर सोडून नुसत्या थर्मलवर साडी खोचू नकोस. इलॅस्टिकला निऱ्यांचं वजन पेलत नाही, दुपारपर्यंत साडी घसरते. नाडीचाच परकर हवा, सुती पॉपलिनचा. साटीनचा निसरडा नको.

वरून अंगभर पश्मिना-टाइप शाल, साधारण २०० ग्रॅम, मोतिया किंवा राखाडी. हीच शाल गाडीत, अटारीला सूर्य कलल्यावर आणि विमानात कामी येते. निळी-मरून चौकडीची घेतलीस तर फक्त ड्रेसवर शोभेल, एकरंगीच घे.

पायात बंद बूट घालणार असशील तर साडी बूट घालून नेस. सँडलच्या उंचीला नेसलेली साडी सपाट बुटावर जमिनीला घासते आणि फॉल काळा होतो. सँडलवर जायचं तर अंगठा वेगळा असलेले कातडीच्या रंगाचे मोजे मिळतात.

महेश्वरी का म्हणते? रेशीम-सुती वीण, वजन ३५०-४०० ग्रॅम, चुरगळली तरी हाताने ताणून सरळ होते, आणि महेश्वर आपल्याला काही लांब नाही, खात्रीची आणता येते. लिननची साडी मात्र नको. दिसायला साधी, पण एकदा बसून उठलं की मांडीवर अशा चुण्या पडतात की इस्त्रीशिवाय जात नाहीत.

आता पैठणी. माझं मत स्पष्ट आहे: ने. सख्ख्या नणंदेच्या घरचं कार्य आहे. ९०० ग्रॅम पैठणीला द्यायचे म्हणूनच बाकी सगळीकडे काटकसर करायची, नाहीतर हा एवढा खटाटोप कशासाठी? पण नेण्याची रीत पाळ.

जरीचा भाग आतल्या बाजूला येईल अशी घडी घाल. प्रत्येक मोडीत ओढणीची सैल वळकटी ठेव, म्हणजे मोड धारदार बसत नाही. जरीचा धागा तुटतो तो याच धारेवर, वरून दाब आला की. मग धुतलेल्या जुन्या मलमलमध्ये गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत नको. दिल्लीच्या गारठ्यातून हैदराबादच्या उबेत गेल्यावर आत दमट होतं आणि जर काळवंडते. डांबराची गोळी जरीजवळ नको, नेसल्यावर अत्तराचा फवाराही नको. डफलमध्ये पैठणी सगळ्यात शेवटी, वर, आडवी. तिच्यावर सँडल येता कामा नयेत, सँडल तळाशी.

हैदराबादला पोचल्या पोचल्या घडी मोडून हँगरवर टाक. इस्त्री लागलीच तर मंद, उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेवर टांगायची युक्ती सुती कुर्त्यांना चालते, पैठणीला नाही. एक थेंब उडाला तरी रेशमावर डाग राहतो.

तेलाचीही काळजी घे. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. दिल्लीत बाटली दगड झालेली असते म्हणून झाकण नीट लावलं नाही तरी कळत नाही. हैदराबादला ते वितळतं आणि पाझरतं. ५० मिलीची बाटली, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, आणि पैठणीपासून दूर बाहेरच्या कप्प्यात.

---

भुसावळ_जंक्शन

वहिनी, पैठणीच्या बाबतीत मी काकूंच्या विरोधात. रिसेप्शन दोन-तीन तासांचं, त्यासाठी ९०० ग्रॅम दहा दिवस तीन राज्यांतून वाहायचे. नणंदबाईंकडे पैठणी असेलच, ती नेसा आणि आपला ब्लाउज तेवढा न्या. पण घरच्या बायकांच्या राजकारणात मी पडत नाही. प्रवासाचं सांगतो.

जाताना गाडीला ७ किलोची अट नाही, अडचण २५ तारखेच्या विमानाची आहे. तेव्हा थंडीचं सामान अमृतसरपर्यंत खुशाल न्या आणि तिथून टपालाने घरी पाठवा. दोघांचे थर्मल, स्वेटर, कानटोपी, हातमोजे मिळून दोन-अडीच किलो होतात आणि हैदराबादला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. स्पीड पोस्ट पार्सल करा. पक्की कापडी पिशवी, सुई-दोरा आणि मार्कर घरूनच न्या. पत्त्यावर पिनकोड आणि मोबाइल नंबर हवाच. फक्त वार बघा: २४ला रविवार येत असेल तर २३ला दुपारीच उरका, २६ला सुट्टी. एक थर्मल टॉप आणि शाल मात्र ठेवा. २५ला पहाटे अमृतसरचं विमानतळ गाठायचं तर थंडी असणारच आणि धुक्याने विमान लांबलं की चार तास बसून राहावं लागतं. पुढची जोडणी त्याच दिवशी असेल तर मध्ये भरपूर वेळ सोडा.

गाडीत एसी डब्याचं तिकीट असेल तर चादर, उशी आणि पांघरूण मिळतं, घरची सोलापुरी चादर नको. स्लीपर असेल तर काहीच मिळत नाही, तेव्हा शाल आणि जाकीट हेच पांघरूण.

हैदराबाद-जळगाव विमान एटीआर जातीचं, पंख्याचं. डोक्यावरचा कप्पा अरुंद असतो, कडक ट्रॉली त्यात जात नाही. मग विमानाच्या दाराशी बॅग ठेवून घेतात, चिठ्ठी लावतात आणि ती पोटात जाते. तुमची मऊ डफल दाबून बसू शकते, पण तयारी ठेवा. पॉवरबँक, दागिने, औषधं आणि चावी एका लहान पिशवीत वेगळी, सगळ्यात वर, म्हणजे बॅग मागितली तर दहा सेकंदात ती काढून हातात घेता येते. पॉवरबँक पोटातल्या सामानात ठेवायला बंदी आहे, ती सोबतच लागते. मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएचची ७४ वॉट-तास होते, म्हणजे चालते. छापील आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत अडवू शकतात.

लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची बॅग बऱ्याच कंपन्या ७ किलोशिवाय चालवून घेतात, पण सगळ्या तिकिटांवर नाही. तिकिटावरच्या अटी वाचून मगच तिच्यावर भिस्त ठेवा.

मसाला आणि बिबड्या: बॅगमा बठ्ठं घर नका भरू! तिखट-मसाला केबिनमध्ये सुरक्षावाले काढून घेऊ शकतात, लोणच्याचंही तेच. आणि बिबड्या डफलमध्ये हैदराबादला पोचेपर्यंत त्यांचा चुरा होईल. आठवडाभर आधी पाचोऱ्यातूनच नणंदबाईंच्या पत्त्यावर पार्सल टाका. मसाला दोन पिशव्यांत आणि मग डब्यात, बिबड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून उभ्या. परत येताना ओटीत खोबऱ्याची वाटी मिळेल, ती तिथेच कोणाला तरी द्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेलकट असतं, पेट घेणाऱ्या मालात धरतात.

---

धुळे_आग्रारोड

जीन्सचा प्रश्न सगळ्यांनीच टाळला. भाऊंना सांगा, एकच जीन्स, आणि तीही अंगावर. जीन्स ६०० ते ७०० ग्रॅम, धुतली तर दिल्लीत दोन दिवस वाळणार नाही, आणि थंडीतही तिचा उपयोग कमी, वारा लागला की कापडच गार पडतं. गाडीत, अमृतसरात आणि विमानात तीच घालायची, धुवायची नाही.

बॅगेत दुसरी पँट टेरीरेयॉनची, गडद राखाडी. चुरगळत नाही, ३५० ग्रॅमच्या आत बसते, सभागृहात आणि रिसेप्शनला दोन्हीकडे चालते. जीन्सवर आणि या पँटवर, दोन्हीवर जातील असे तीन शर्ट: पांढरा, आकाशी, बारीक चौकडीचा. आणि गडद निळं नेहरू जाकीट. कापूस-मिश्र कापडाचं, अस्तर पातळ, ३५० ग्रॅम. दिल्लीत शर्टवर, आत थर्मल. हैदराबादला मोतिया कुर्त्यावर. कोट शिवायची गरज नाही. जाकीट जरा सैल शिवून घ्या, छातीला दोन इंच मोकळं, नाहीतर आत स्वेटर घातला की बटणं ताणतात.

बूट एकच जोडी, गडद तपकिरी, तळ रबरी, बाहेरून चामड्यासारखी. पांढरे स्पोर्ट शूज रिसेप्शनला चालत नाहीत आणि चामडी तळाचे बूट अमृतसरच्या दवात घसरतात. नवे बूट असतील तर निघण्याआधी दोन आठवडे घालून रुळवा. चप्पल एक, रबरी, खोलीत आणि बाथरूमला.

जाडजूड जाकिटाचं लोक फार करतात. खरं लागतं ते वारा अडवणारं पातळ बाह्य जाकीट, आणि आत दोन थर. पिसांचं हलकं जाकीट ३००-३५० ग्रॅमचं असतं आणि वीतभर पिशवीत दाबलं जातं, ते असेल तर बाकी जाड काही नको. ते ओलं होऊ द्यायचं नाही, पिसं गोळा झाली की ऊब गेली. हैदराबादला उतरल्यावर पिशवीत घालून डफलच्या कडीला अडकवा.

---

पाचोऱ्याची_सून

सगळ्यांचे आभार. पैठणीवर घरात मतदान झालं, काकू जिंकल्या. जंक्शन भाऊ, राग मानू नका, पार्सलचं तुमचंच ऐकतेय.

एक राहिलं. मोतिया कुर्ता यांचाही आणि माझाही, शिवाय त्याच रंगाची ओढणी. दोघांच्या बॅगा वेगळ्या भरायच्या की मिसळून?

---

बोरीकाठ

पाहुण्यांच्या घरी उतरणार असाल तर वेगळ्या भरा, नाहीतर एकाला साबण हवा असला की दोन्ही बॅगा उलगडतात. पण दोघांचा एकेक जोड आणि आतल्या कपड्यांचा एक संच एकमेकांच्या बॅगेत टाका. एटीआरच्या दारात एखादी बॅग ठेवून घेतली आणि जळगावला ती उशिरा आली, तर घरी जाईपर्यंत बदलायला काहीतरी राहतं. तेल-साबण, चार्जर आणि दोरी दोघांत एकच संच, म्हणजे भाऊंच्या बॅगेत जागा उरेल. त्यांचं सामान साडेचार-पाच किलोवर थांबतं, पैठणी तिकडे सरकवा.

---

तापी_काकू

त्यांच्या बॅगेत बूट असतील तर मुळीच नको गं.

---

धुळे_आग्रारोड

काकू, बूट पायात. बॅगेत फक्त रबरी चप्पल, तीही कापडी पिशवीत, तळाशी.